सासूबाईंचं पदक कसाला लागलं

लुबोर मातेयकाने उभा जन्म दुसऱ्यांचं पाणी मोजण्यात घालवला. तुर्नोवच्या पाणीखात्यात तो मीटर तपासायला होता. एखादी बाई दारात येऊन "अहो, एवढं पाणी आम्ही वापरलंच नाही" म्हणाली, की तो टोपी काढून शांतपणे सांगायचा, "बाई, मीटरला नातेवाईक नसतात." निवृत्त झाल्यावर मोजायला गावाचं पाणी उरलं नाही, म्हणून त्याने घरावर मोर्चा वळवला. अंडं किती ग्रॅमचं भरतं, बटाटे उकडले की किती घटतात, नवा साबण आठवड्यात किती झिजतो, सगळ्याची नोंद त्याच्या डोक्यात. त्याची बायको ब्लाझेना म्हणायची, "एक दिवस हा माझा स्वभावसुद्धा वजन करून सांगणार." स्वभाव मोजायचं साधन मिळालं असतं, तर त्याने तेही सोडलं नसतं.

आता तुर्नोवची एक गोष्ट अशी, की तिथे माणूस दोनच जातींचा असतो. एक गार्नेटवाला आणि दुसरा काचवाला. गार्नेट म्हणजे डाळिंबाच्या दाण्यासारखा लालबुंद खडा. तो घासणारी, पैलू पाडणारी, कोंदणात बसवणारी घराणी गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ती चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतात. काचवाले डोंगरापलीकडच्या याब्लोनेत्सचे. ते काचेचे मणी, काचेची बटणं आणि काचेचे खोटे खडे करतात. ते जगभर विकले जातात, पण त्यामुळे कुणी त्यांना पुढच्या बाकावर बसवत नाही. लुबोरच्या सासूबाई ओतिलिया या गार्नेटवाल्या. लुबोरचे वडील बटणवाले. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, मुलगी लग्नाची झाली, तरी सासूबाई परक्या माणसाला त्याची ओळख करून देताना म्हणायच्या, "हे ब्लाझेनाचे यजमान. काचवाल्यांकडचे." आणि त्याच्याशी बोलताना 'तुम्ही'. आमच्याकडे सासू जावयाला लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून 'तू' म्हणते. ओतिलियाबाईंचं 'तुम्ही' हे कुलूप होतं, आणि त्याची किल्ली लुबोरला सापडली नव्हती.

तर मुलगी रोझालिया. तिचं लग्न प्रागच्या शिमोनशी ठरलं. शिमोनचे वडील डॉक्टर व्हालेश हे दातांचे मोठे डॉक्टर. लग्नाच्या आधीच्या रविवारी व्याही जेवायला आले. बदक झालं, कोबी झाला, आणि सासूबाईंनी मखमलीची डबी आणून टेबलावर ठेवली. आत त्यांच्या आजीचं पदक. मधे एक हरभऱ्याएवढा गार्नेट, त्याच्याभोवती बारीक गार्नेटांच्या ओळीवर ओळी, इतक्या दाट की धातू फक्त मागून आणि कडेनेच दिसावा.

"शनिवारी हे रोझालियाच्या गळ्यात," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा वर केला, पदक उजेडात धरलं आणि मनापासून कौतुकाने म्हणाले, "वा! हल्ली फॅन्सी दागिन्यांत फारच सुबक काम करतात हो."

ब्लाझेनाचा हात सॉसच्या भांड्यावर थांबला.

"नाही, म्हणजे मी रोज सोनं हाताळतो ना," डॉक्टर सावरून घ्यायला गेले आणि आणखी खोलात रुतले. "सोन्याचा रंग माझ्या नजरेत बसलाय. आणि हे खडे, काय सांगावं, काचेचं काम तर तुमच्या भागाचं नावाजलेलंच आहे!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. सासूबाईंनी डबी मिटली. डॉक्टरांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्यांनी बघितलं लुबोरकडे. घरात काच शिरली ती कुणाच्या पायगुणाने, हे त्या नजरेत स्वच्छ लिहिलं होतं. लुबोरला बदक गोड लागेना. त्याच क्षणी त्याने मनाशी ठरवलं, की शनिवारच्या आत या पदकाचा कस आणि वजन काढायचं, शिक्क्यासकट काढायचं, आणि तो कागद लग्नाच्या जेवणात डॉक्टरांच्या सूपशेजारी ठेवायचा. मोजमापाचं काम होतं. मोजमापात तो कधी हरला नव्हता.

सोमवारी सासूबाईंना "पॉलिश करून आणतो" असं सांगून त्याने डबी खिशात घातली आणि दागिन्यांवर सरकारी छाप मारतात त्या कचेरीची गाडी पकडली. खिडकीत एक हसतमुख बाई होत्या. हसतमुख माणसाशी भांडता येत नाही, हीच त्या खिडकीची मोठी अडचण.

"वस्तू तुमची?"

"सासूबाईंची."

"मग त्यांना आणा, नाहीतर त्यांचं अधिकारपत्र आणा. वजन किती?"

"तेच तर तुम्ही सांगायचं!"

"खड्यांसकट सांगू की खड्यांशिवाय? शुद्धता फक्त धातूची असते हो. हजार भागांत सोनं किती, ते आम्ही पाहतो. चौदा कॅरेट असेल तर पाचशे पंच्याऐंशी. खड्यांना तो नियम नाही, त्यांचं वजन वेगळं धरायचं. एवढे दाट खडे असले तर सगळं तपासायला वेळ लागणार. पुढच्या आठवड्यात या."

"शनिवारी लग्न आहे."

"अरे वा, अभिनंदन! मग लग्न झाल्यावर सावकाश या."

लुबोर गाडीत बसला तो कान लाल करून. वजन कसं करायचं हे त्याला, पाणीखात्याच्या लुबोर मातेयकाला, खिडकीतून शिकवलं गेलं होतं. नको तुमचा शिक्का, तो मनात म्हणाला. घरी तराजू आहे, पाणी आहे, आणि डोकं आहे. आमच्या लोकांचा हा जुना रोग. मोटार बिघडली, छप्पर गळलं, दात दुखला, तरी आधी स्वतः पक्कड घेऊन बसायचं, आणि जाणत्याकडे जायचं ते सगळं हाताबाहेर गेल्यावर.

तराजूसाठी शेजारच्या हेयदुककडे जाणं भाग होतं. हेयदुक शिकारी. काडतुसं घरी भरायचा, म्हणून त्याच्याकडे बंदुकीची दारू मोजायचा एक नाजूक काटा होता. तो काटा मिळतो, पण सोबत सल्ला घ्यावा लागतो.

"शेजारी, सोनं ना? चावून बघा."

"दाताचं नाव काढू नका."

"मग लोहचुंबक लावा. नाहीतर व्हिनेगरमध्ये घाला. माझ्या मेहुण्याने घातलं होतं."

"मग?"

"हिरवं पडलं. पण ते सोनं नव्हतंच ना!"

लुबोरची पद्धत शास्त्रशुद्ध होती. पदक आधी नुसतं तोलायचं, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोलायचं. पाण्यात जितकं वजन घटेल, त्याने मूळ वजनाला भागलं की पाण्याच्या किती पट जड ते कळतं. चौदा कॅरेटचं सोनं तेरापट भरतं. पितळ आठाच्या वर. हेयदुकच्या गळाचा दोरा, काचेची बरणी, बंदुकीचा काटा, सगळी जुळवाजुळव शेडमध्ये झाली. लुबोरने भागाकार केला. पुन्हा केला. मग खुर्चीत बसून घेतलं.

"किती?" हेयदुकने विचारलं.

"सहा."

"मग सोनं नाही?"

"सोनं राहू द्या, हे पितळेच्याही खाली गेलं! सासूबाईंच्या आजीने काय मातीचं पदक घातलं होतं?"

हेयदुकने पाइप झाडला. "शेजारी, रानडुक्कर तोलताना त्याच्या पाठीवर बसलेला कुत्रा धरतात का? खडे हलके असतात. ते काढा, मग तोला."

खिडकीतल्या बाई अगदी हेच बोलल्या होत्या, पण त्या हसून बोलल्यामुळे लुबोरने मनावर घेतलं नव्हतं. कुठलाही शहाणा सोनार इथे हात जोडून म्हणाला असता, "बाबा रे, थांब." पण सोनाराला विचारायचं म्हणजे हार कबूल करायची. लुबोरने मुलीचा भुवया कोरायचा चिमटा घेतला, एक टोकदार दाभण घेतलं, आणि गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरालगतच्या कोठीत दार लोटून बसला.

गुरुवारच का, तर त्या दिवशी घरात कुणाला त्याच्याकडे बघायला फुरसत नव्हती. लग्नाचे कोलाचे चालले होते. लग्नाआधी अख्ख्या आळीला आणि दोन्हीकडच्या पाहुण्यांना हे कोलाचे वाटायचे, नाहीतर लग्न झालं असं कुणी धरत नाही. लहान पेढ्याएवढे गोड पाव, पोटात प्लमचा काळाभोर घट्ट मुरंबा, तोंड चारी बाजूंनी मिटवलेलं. ब्लाझेना कणीक लाटत होती, सासूबाई मुरंबा ढवळत होत्या, आणि रोझालिया भट्टीशी होती. तिघींच्या गप्पांत कोठीतली खुडबूड कुणाला ऐकू गेली नाही.

खडे निघत होते. एक निघायला चिवट, दुसरा उडून कांद्यांच्या टोपलीत, पण निघत होते. सगळे निघाले तेव्हा लुबोरच्या लक्षात आलं, की खड्यांच्या बुडाशी आजीच्या काळापासूनचा साबण, पावडर आणि अत्तर बसलंय. मळालाही वजन असतं! ज्याने आयुष्यभर पाण्याचा थेंब चुकवला नाही, तो मळाचं वजन खड्यांच्या नावावर कसा चढवेल? धुवायला हवं. आणि आमच्याकडे काहीही स्वच्छ करायचं, जखम असो, खिडकी असो की मन असो, एकच औषध असतं. घरची स्लिवोवित्सा. प्लमपासून गाळलेली, मामेभावाने पाठवलेली, काडी लावली तर निळी पेटणारी. त्याने निळ्या फुलांच्या, उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात खडे ओतले आणि वरून काठोकाठ स्लिवोवित्सा भरली.

तेवढ्यात हेयदुकने अंगणातून हाक मारली. "शेजारी! काटा मांडून ठेवलाय, या लवकर, मला एक वाजता रानात जायचंय!" कोठीच्या दाराशी ब्लाझेनाची पावलं वाजली. लुबोरने कप घाईघाईने बाहेर स्वयंपाकघरातल्या फळीवर, मुरंब्याच्या पातेल्याशेजारी ठेवला, मोकळा धातू मुठीत धरला आणि काहीच करत नसलेल्या माणसाचा चेहरा करून बाहेर पडला. हा चेहरा त्याला कधीच जमला नाही. पण ब्लाझेनाच्या हाताला कणीक होती.

शेडमध्ये धातू पाण्यात बुडाला. भागाकार झाला. खात्री पटेना म्हणून लुबोर एक वाजेपर्यंत तोलतच राहिला, आकडा तोच. साडेआठाच्या जरा वर.

"म्हणजे सोनं?" हेयदुक म्हणाला.

"म्हणजे नळाची तोटी," लुबोर म्हणाला.

तो आकडा त्याला चांगला ओळखीचा होता. पाणीखात्यात त्या धातूच्या तोट्यांची पोती असायची. तांबं आणि जस्त, वर सोन्याचा मुलामा. डॉक्टरांचे डोळे बरोबर होते तर! सासूबाई आजीचं नाव घेऊन ज्या पदकापुढे मान झुकवतात, ते पितळेच्या सख्ख्या भावाचं, आणि हे जगात फक्त त्याला आणि एका शिकाऱ्याला माहीत. आता खडे तरी खरे निघू देत, असं म्हणत तो घाईने स्वयंपाकघरात आला.

कप धुऊन पालथा घातलेला होता.

"आई," तो जपून म्हणाला, "या कपात जरा स्लिवोवित्सा होती."

"होती," सासूबाई म्हणाल्या. त्यांना जाड चष्म्यातूनही हाताच्या अंतरापलीकडचं दिसत नसे. "मुरंब्यात घातली. वाया थोडीच घालवायची? तुमच्या मामेभावाला तेवढं मात्र जमतं हो."

"आणि मुरंबा?"

"मुरंबा कोलाच्यांत. कोलाचे आळीत," ब्लाझेना आनंदाने म्हणाली. "हेयदुकांकडे, फार्मसीवाल्यांकडे, चर्चच्या बाईंकडे, सगळीकडे रोझालिया देऊन आली. प्रागचा डबा शिमोनने आत्ताच नेला. वास कसा सुटलाय बघ!"

लुबोरने भिंतीला पाठ टेकवली. पदकाचा धातू नळाचा होता, आणि पदकाचे खडे गावाच्या पोटात निघाले होते. लग्न परवावर.

पण माणूस डगमगणारा नव्हता. गावात कुणाचं मीटर बिघडलं की तो घरोघर जाऊन काम उरकायचा, तसाच निघाला. एकच प्रश्न होता, सांगायचं काय? खरं सांगितलं तर संध्याकाळपर्यंत ते सासूबाईंच्या कानावर. म्हणून त्याने सांगितलं, "कोलाच्यात चुकून प्लमच्या बिया राहिल्यात. कुणाचा दात नको जायला. राहिलेले परत द्या, बदलून देतो. आणि बी सापडली तर जपून ठेवा." जपून का, असं फार्मसीवाल्याने विचारलं. लुबोर म्हणाला, "पेरायला." फार्मसीवाल्याने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर त्याच्या दुकानात काही ठरावीक औषधं मागणाऱ्यांसाठी राखीव होती. चर्चच्या बाईंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मुलीच्या लग्नात बापाचं असं होतंच, असं सांगून धीर दिला.

एकीची लाज झाकायला जावं आणि दुसरीची चव्हाट्यावर मांडावी, असं ते झालं. शुक्रवारी सकाळी ब्लाझेना खाटकाकडून परतली ती पिशवी आपटतच.

"माझ्या कोलाच्यात बिया? माझ्या? खाटकीण मला म्हणते, होतं असं वयोमानाने! तीस वर्षं या आळीत मी कोलाचे वाटतेय आणि तू दारोदार जाऊन..."

ती पुढचा दम घेते तोच अंगणातून हाक आली.

"शेजारी! तुमच्या बिया!"

हेयदुक काडतुसांची डबी खुळखुळवत स्वयंपाकघरात शिरला आणि त्याने ती सरळ टेबलावर, सासूबाईंसमोर उपडी केली. लाल ठिणग्या पांढऱ्या कापडावर पसरल्या. सासूबाईंनी एक उचलला, चष्म्याला टेकवला, जिभेवर ठेवून बघितला.

"बी नाही ही," त्या म्हणाल्या.

मग सांगावं लागलं. लुबोरने सगळं सांगितलं, डॉक्टरांच्या फॅन्सीपासून अंड्याच्या कपापर्यंत. फक्त साडेआठाचा आकडा गिळला. ब्लाझेनाने डोक्याला हात लावला. लुबोर सासूबाईंच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याला वाटलं, आता तीस वर्षांची काच एकदम फुटणार.

सासूबाईंनी हातातला खडा कापडावर ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी ओतले. आजीचे खडे मीच माझ्या हाताने मुरंब्यात ओतले."

"तुम्हाला कुठे दिसत होतं, आई?"

"वास आला ना! वास आल्यावर मी बघत नाही." त्यांनी बाह्या वर केल्या. "ब्लाझेना, बोंबलू नकोस. आळीतून जे परत आलंय ते आण इकडे."

दुपारभर तिघं कोलाचे फोडत बसली. हेयदुकही बसला, कारण फोडलेले कोलाचे वाया घालवायचे नव्हते. गावाने इमानदारी दाखवली. फार्मसीवाल्याने खडे चक्क औषधाच्या पुडीत बांधून, वर 'पेरण्यासाठी' असं लिहून पाठवले. पदकाच्या घरांत खडे मांडत गेलं तसं एकेक घर भरत गेलं. शेवटी एकच रिकामं राहिलं, नेमकं मधलं. हरभऱ्याएवढा खडा नव्हता.

"प्रागच्या डब्यात," ब्लाझेना म्हणाली. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "फोन करू? काय विचारू? डॉक्टर, तुमच्या दाताखाली काही आलं का?"

फोन कुणी केला नाही.

संध्याकाळी लुबोर मान खाली घालून कोपाल सोनाराकडे गेला. सोनारानेच कान टोचावे म्हणतात ते काही खोटं नाही. कोपालने पदक बघितलं, दाभणाचे ओरखडे बघितले, आणि लुबोरचा उद्धार करत पुढचे दोन तास खडे बसवले. मधेच त्याने पदकाची कड काळ्या कसोटीवर घासली, उमटलेल्या रेघेवर आम्लाचा थेंब सोडला, आणि रेघ पुसून गेलेली लुबोरला दाखवली.

"तुला कळलंच असेल. त्या काळी इथे असंच करायचे. खडा अस्सल आणि कोंदण मुलाम्याचं. धातूला विचारत कोण होतं? पण मधल्या घराचं काय करू? एवढा मोठा गार्नेट उद्यापर्यंत कुठून आणू? काच बसवतो झालं."

"काच नको," लुबोर एवढ्या जोरात म्हणाला, की कोपालच्या हातातला चिमटा थांबला. डॉक्टर काच म्हणाले होते. आता आपल्याच हाताने काच बसवायची, म्हणजे त्यांचा शब्द आपणच खरा करून द्यायचा. सासूबाईंसमोर कुठल्या तोंडाने उभं राहायचं? तो पदक तसंच बोळकं घेऊन घरी आला.

सासूबाई जाग्याच होत्या. त्यांनी रिकाम्या घरावर बोट फिरवलं. "कोपाल काय म्हणाला?"

"काच बसवतो म्हणाला. मी नको म्हटलं."

"तुमच्या वडिलांचे नमुने ठेवलेत ना तुम्ही? आगपेटीत?"

लुबोर चपापला. ती आगपेटी त्याने लग्नानंतर या घरात कुणाला दाखवली नव्हती. वडिलांनी आपल्या हाताने केलेले लाल काचेचे चार खडे तिच्यात होते. त्यांच्या कारखान्यात तसा लाल रंग पुन्हा कुणाला जमला नव्हता. त्याने आगपेटी आणून सासूबाईंच्या हातात दिली. त्यांनी एक खडा काढला, दिव्यासमोर धरला, फिरवला, खूप वेळ धरला.

"बेताचा आहे," त्या म्हणाल्या. गार्नेटवाल्यांच्या बोलीत याहून मोठी शाबासकी नाही. "घेऊन जा कोपालकडे. उठव त्याला. आणि लुबोर, गळपट्टा घाल, बाहेर गार आहे."

रस्त्यात अर्ध्यावर गेल्यावर लुबोरच्या ध्यानात आलं, की त्या 'घाल' म्हणाल्या होत्या. 'घाला' नाही, 'घालता का' नाही. तो एका दिव्याच्या खांबाला धरून जरा वेळ उभा राहिला. पाणी त्याच्या डोळ्यांत नक्की किती होतं ते मात्र त्याने मोजलं नाही.

शनिवारी लग्न लागलं. रोझालियाच्या गळ्यात पदक झळकत होतं. रिवाजाप्रमाणे फाटकाजवळ प्लेट फोडली, नव्या जोडप्याने तिचे तुकडे झाडले, आणि मंडळी जेवायला बसली. डॉक्टर व्हालेश समोरच होते. त्यांचा उजवा गाल सुजून डोळ्यापर्यंत गेला होता. सगळ्यांनी तिकडे न बघायचा एवढा प्रयत्न केला, की शेवटी त्यांनीच खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. रुमालात मधला गार्नेट.

"हा," डॉक्टर जड जिभेने म्हणाले, "तुमच्या कोलाच्यात होता. गेल्याच वर्षी बसवलेली माझी दाढ उभी दुभंगली."

ब्लाझेनाने डोळे मिटून घेतले. लुबोर उठून उभा राहिला. आयुष्यात तो आकड्याशिवाय कधी बोलला नव्हता, आणि आता त्याच्याजवळ एकही आकडा नव्हता.

"अभिनंदन, डॉक्टर!" तो म्हणाला. "आम्हाला वाटतच होतं, की तो तुमच्याच दाताखाली येणार."

"काय?"

"तुर्नोवची रीत आहे. व्याह्यांच्या डब्यातल्या एका कोलाच्यात घरातला सगळ्यात चांगला गार्नेट घालतात. ज्याला मिळेल त्याच्या घरी मुलगी सुखात नांदते. आमच्याकडे एवढा मान कुणालाही देत नाहीत."

डॉक्टरांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी चष्मा सरळ केला.

"फार जुनी रीत," त्या म्हणाल्या. "माझ्या आजीच्या सासऱ्यांचे दोन दात गेले होते."

हेयदुक टेबलाच्या टोकाला खोकायला लागला. त्याच्या पाठीत कुणीतरी धपाटा घातला.

डॉक्टरांचा चेहरा हळूहळू बदलला. दुखणं तेच, पण आता त्याला मान मिळाला होता. "मी तेच म्हटलं आमच्या हिला," ते म्हणाले. "हा खडा काच नव्हे! काच असती तर दाढेखाली चुरा झाला असता. मी याच्यावर माझ्या यंत्राचं पोलादी टोक फिरवून बघितलं. टोक झिजलं, खड्यावर ओरखडा नाही! अस्सल आहे हो, अस्सल. रविवारी मी काहीतरीच बोललो." त्यांनी रोझालियाच्या गळ्याकडे वाकून बघितलं. "आणि आता नीट बघतो तर, हा मधला! काय लाल आहे! सगळ्यांत हाच उजवा. मागे हा माझ्या नजरेतून सुटला कसा?"

लुबोरने पाण्याचा ग्लास उचलला आणि शेवटपर्यंत रिकामा केला. त्याचे वडील बटणवाले म्हणून वारले. प्रागच्या डॉक्टरने एवढं कौतुक केलेलं त्यांनी ऐकलं असतं, तर दोन दिवस कारखाना बंद ठेवला असता.

"आणि सोनं?" डॉक्टर आता उत्साहाने विचारत होते. "चौदा कॅरेट? की जास्त?"

"ते आमच्या जावयांना विचारा," सासूबाई म्हणाल्या. "मोजमापात लुबोरचा हात धरणारा माणूस या गावात नाही."

आमचे जावई. काचवाल्यांकडचे नव्हे. लुबोर ताठ झाला. साडेआठाचा आकडा त्याच्या जिभेच्या टोकावर आला, जन्मभराच्या सवयीने आला, आणि त्याने तो सूपच्या घोटाबरोबर खाली ढकलला.

"डॉक्टर," तो प्रेमाने म्हणाला, "डावी बाजू शाबूत आहे ना तुमची? मग द्या पदक, चावून बघा."

सगळं टेबल हसलं. डॉक्टरही हसले, पण एका हाताने डावा गाल झाकून. मग त्यांनी तो गार्नेट रुमालात घडी घालून पुन्हा खिशात ठेवला. "याची मी टायपिन करून घेणार. व्याह्यांचा मान!"

लुबोरचा चमचा हवेत राहिला. आपल्याच तोंडाने काढलेल्या रितीने आजीचा खडा प्रागला चालला होता, आणि रीत मोडायची तर पहिल्यापासून सगळंच सांगावं लागलं असतं. तो सासूबाईंच्या कानाशी वाकला.

"आई, खडा गेला."

सासूबाईंनी कोलाच्यांची थाळी त्याच्याकडे सरकवली. नातीच्या गळ्याकडे, तिथल्या त्या लाल ठिपक्याकडे त्या बघत होत्या.

"जाऊ दे रे," त्या म्हणाल्या. "काचेला काय झालंय?"